२९ फेब्रुवारी १९००

एक्सेल उघडा. कुठल्याही रिकाम्या चौकटीत ६० टाका आणि त्या चौकटीचा फॉरमॅट तारखेचा करा. समोर येईल २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस कधी उजाडलाच नव्हता. १९०० ला चारानं भाग जातो, पण शंभरानंही जातो आणि चारशेनं जात नाही, तेव्हा ते लीप वर्ष नव्हे. हे शाळकरी पोराला कळतं. एक्सेलला कळत नाही असं नाही, त्याला कळून घ्यायचं नाही.

चूक मूळची मायक्रोसॉफ्टची नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. १९८३ मध्ये लोटस १-२-३ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. त्यानं १९०० ला परस्पर लीप वर्ष करून टाकलं. तेव्हा साऱ्या हापिसांत लोटसचं राज्य. मागून आलेल्या एक्सेलला लोटसची गिऱ्हाइकं पळवायची होती, त्यासाठी लोटसच्या फायली आपल्याकडे बिनबोभाट उघडायला हव्या होत्या. म्हणून मायक्रोसॉफ्टनं ती चूक समजून उमजून, शिंप्यानं माप घ्यावं तशी उतरवून घेतली. पुढे १९९५ मध्ये लोटस कंपनी आयबीएमनं विकत घेतली, आणखी काही वर्षांनी १-२-३ बंदही पडलं. चूक मात्र अजून कामावर रुजू आहे. मायक्रोसॉफ्टचं उघड म्हणणं असं की आता ती सुधारली तर जगभरच्या फायलींतल्या जवळपास सगळ्या तारखा एकेक दिवस सरकतील. मला यात खोट काढता येत नाही.

मायक्रोसॉफ्टची आघाडी जाणार का, या प्रश्नाला सध्या पुन्हा उधाण आलंय. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, केंद्रातले मंत्री देशी झोहोवर गेले, एआय तर काय दारातच उभं आहे. तेव्हा आता जाणार, म्हणतात. जे न झालेल्या दिवसाला तीन-चार दशकं पगारावर ठेवू शकतात ते इतक्यात कुठे जातात, असं आमचं मत. पण कारणं देतो.

मायक्रोसॉफ्टचं तेरावं घालायला गेल्या तीस वर्षांत बरेच भटजी येऊन बसले आणि दक्षिणा न घेता उठले. पहिलं नेटस्केप. ऑगस्ट १९९५ मध्ये त्यांचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी असा उसळला की ब्राउझरपुढे विंडोज कोण पुसतो, असं शहाण्यांनी लिहून टाकलं. बिल गेट्सनं त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या लोकांना इंटरनेटच्या लाटेबद्दल लांबलचक टिपण धाडलं होतं. मग विंडोजसोबत ब्राउझर फुकट मिळू लागला आणि नेटस्केपचं जे व्हायचं ते झालं. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं खटला भरला. ७ जून २००० ला न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी हुकूम दिला, कंपनीचे दोन तुकडे करा. वरच्या कोर्टानं पुढच्याच वर्षी तो रद्द केला. न्यायाधीश महाशय खटला चालू असताना पत्रकारांशी मनमोकळं बोलले होते, तेही त्यांना भोवलं. तुकडे राहिले कागदावर.

मग लिनक्स. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सरची उपमा दिली. २०१६ मध्ये त्यांचीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची वर्गणीदार झाली. मधल्या काळात शेअरही झोपला होता. डिसेंबर १९९९ चा भाव पुन्हा दिसायला २०१६ उजाडलं. इतक्या काळात आपल्याकडे लोक मुलांची लग्नं उरकतात. तेव्हाचे मृत्युलेख मी आवडीनं वाचायचो. लिहिणारे हुशार होते. फक्त प्रेत चुकीचं होतं.

खरं मरण झालं ते फोनमध्ये, आणि तिथे कुणी भटजी बोलवावा लागला नाही. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बामर कॅमेऱ्यासमोर हसले. पाचशे डॉलर, आणि वर कीबोर्डसुद्धा नाही! त्याला बाजारात लक्षात घेण्याजोगा वाटा मिळण्याची सुतराम शक्यता नाही, असं भाकीत त्यांनी करून ठेवलं. सहा वर्षांनी त्यांनी नोकियाचा फोनचा धंदा सात अब्जांहून जास्त डॉलरला घ्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये कंपनीनं त्यापायी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. घेतले त्याहून जास्त बुडवले, असं कसब उद्योगात क्वचित दिसतं. मार्च २०१७ मध्ये स्टॅटकाउंटरनं जगातला इंटरनेटचा वापर मोजला. अँड्रॉइड ३७.९३ टक्के, विंडोज ३७.९१. शून्य पूर्णांक शून्य दोननं गादी गेली. त्या दिवशी ना मोर्चा निघाला, ना कुठे पेढे वाटले गेले. 'मायक्रोसॉफ्टची आघाडी कधी जाणार' या प्रश्नाचं एक उत्तर असं २०१७ मध्येच येऊन गेलंय. प्रश्न विचारणाऱ्यांना ते कळलं नाही, कारण ते त्या वेळी मोबाइल बघत होते.

आणि गादी गेलेल्या या कंपनीनं जून २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात २८१ अब्ज डॉलरच्या वर उलाढाल केली. त्यातले ७५ अब्जांहून जास्त एकट्या अझूरचे, म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांना आपले सर्व्हर भाड्यानं देऊन मिळालेले. विंडोज आणि यंत्रं मिळून दहावा हिस्साही भरत नाही. सत्या नडेला २०१४ च्या फेब्रुवारीत बामर यांच्या खुर्चीवर बसले आणि मार्चमध्ये आयपॅडवर ऑफिस आलं. ज्या यंत्रानं बाप मारला त्याच्याच घरात भाड्यानं जागा घेतली. याला काही लोक शरणागती म्हणाले. मला तरी तो या कंपनीच्या चरित्रातला सगळ्यात जुना धंदा वाटतो.

कारण पहिल्या दिवसापासून हे लोक विकणारे नव्हतेच. १९८० मध्ये आयबीएमला पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. गेट्सकडे ती नव्हती. सिएटलच्याच एका छोट्या कंपनीकडे होती, ती त्यांनी लाखभर डॉलरच्या आतच घेतली, नाव बदललं आणि आयबीएमला वापरायला दिली. दुसऱ्यांना देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. पीसीची नक्कल करणारे दोन वर्षांत गल्लोगल्ली उभे राहिले, प्रत्येकाला डॉस लागलं. ज्या आयबीएमनं या मंडळींना दारात उभं केलं ते २००५ मध्ये पीसीचा धंदाच लेनोव्होला विकून मोकळं झालं.

मुंबईत पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूला घरमालक हलवू शकत नाही. खोली मालकाची, ताबा त्याचा. विंडोज हा आपल्या कॉम्प्युटरमधला पागडीवाला आहे. यंत्र आपलं, वीज आपली, टेबल आपलं, त्यावर घातलेला प्लॅस्टिकचा झगासुद्धा आपला. ताबा त्याचा. फरक एवढाच की इथे भाडं घरमालक भरतो.

आपल्याकडे तर बरीच वर्षं तेही भरत नव्हता. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे हल्लीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असेम्बल्ड पीसी घ्यायला गेलेल्याला कोटेशन आठवत असेल. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, माउस. घासाघीस होई ती या सगळ्यावर. विंडोज त्या कागदावर नसेच. "ते टाकून देतो की, साहेब." ऑफिसही टाकलेलं असे, फोटोशॉप असे, वर एखादा ॲन्टिव्हायरस आणि तीन-चार गेम. मराठी मध्यमवर्गाचा पहिला संगणक असा सालंकृत कन्यादानासारखा घरी आला.

यात मायक्रोसॉफ्टचं किती नुकसान झालं, याचे आकडे निघत असत. बिल गेट्सनं स्वतः १९९८ मध्ये, चीनबद्दल बोलताना, जे सांगितलं त्याचा आशय असा: लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, सवय लागेल, मग वसुली कशी करायची ते पुढच्या दहा वर्षांत बघू. उद्योगपतीच्या तोंडून इतकं प्रांजळ वाक्य क्वचित ऐकायला मिळतं. लिनक्स फुकट असूनही इथे का चाललं नाही, असं विद्वान विचारतात. समोरचं विंडोजही फुकटच होतं हो. फुकटात डावं-उजवं करायची वेळ आली की माणूस शेजाऱ्याकडे जे आहे ते घेतो, म्हणजे अडलं तर शेजारी येऊन लावून देतो.

सवय लावायचं उरलेलं काम आपल्या सरकारनं हाती घेतलं. संगणक शिकवायला एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्यांच्या एमएस-सीआयटी परीक्षेचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या अर्जाला चिकटलं. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर, खाली झेरॉक्स आणि वर क्लास, अशी किमान एक इमारत उभी राहिली. तिथे पोरं काय शिकली? विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. पन्नाशीचे गुरुजी आणि अव्वल कारकूनही त्या स्टुलांवर बसले, कारण मुदतीत पास न होणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा होती. काहींच्या नावे वसुलीही निघाली. जगात कुठल्याही कंपनीला आपलं गिऱ्हाईक घडवून घ्यायला पैसे मोजावे लागतात. इथे गिऱ्हाइकानं फी भरली, परीक्षा दिली आणि नापास झालं तर दंडही सोसला. रेडमंडच्या कुणा विक्री अधिकाऱ्याला हे सांगितलं तर तो चष्मा काढून डोळे पुसेल.

त्याची फळं कुठे लागली ते बघायचं तर जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. सकाळी साडेदहाला केंद्रप्रमुखांचा निरोप पडतो: अत्यंत तातडीचे, सोबतच्या एक्सेलमध्ये माहिती भरून दुपारी बारापर्यंत पाठवावी, माहिती नसल्यास निरंक लिहावे, नमुन्यात बदल करू नये. शाळेतला कॉम्प्युटर बंद, नाहीतर लाइट गेलेली. गुरुजी पोरांना पाढे लावतात आणि फोनवर फाइल उघडतात. फोन अँड्रॉइडचा. फाइल उघडणारं ॲप गुगलचं किंवा असंच कुणाचं तरी. मायक्रोसॉफ्टचं त्या हातात काही नाही. अंगठ्यानं चिमटे काढत काढत गुरुजी 'क' रकान्यापर्यंत येतात, तिथे कुणीतरी मर्ज केलेल्या चौकटी असतात, शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक अरुंद रकान्यात मावला नाही की आपोआप सूक्ष्म-महाप्रचंड संख्यांच्या वैज्ञानिक लिपीत जातो. तो पुन्हा माणसात आणायचा. मग निरंक, निरंक, निरंक, आणि फाइल परत ग्रुपवर. संध्याकाळी निरोप: काही शाळांनी नमुन्यात बदल केल्याचे निदर्शनास आले आहे.

फोनवरची लढाई कंपनी हरली म्हणतात ना? मग गुरुजी बारा वाजेपर्यंत कुणाच्या नमुन्यात अडकून बसले होते?

यातली गंमत अशी की ज्या फाइल-फॉरमॅटमध्ये ते निरंक भरलं जातं, तो आंतरराष्ट्रीय मानक व्हावा म्हणून मायक्रोसॉफ्टनं २००७-०८ मध्ये जंग जंग पछाडलं होतं, तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं होतं. होय, भारतानं. मानक अखेर मंजूर झालं. आपण आपलं तत्त्व जपलं आणि फाइल त्यातच सेव्ह केली.

आम्हीच असे बावळट आहोत, असा न्यूनगंड मात्र नको. जनुकांचा अभ्यास करणाऱ्या थोरामोठ्यांची कथा ऐका. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावं सेप्ट-१, मार्च-१ अशा थाटाची होती. ती एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल प्रेमानं त्याची १ सप्टेंबर, १ मार्च करून देई. २०१६ मध्ये काही संशोधकांनी एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले शोधनिबंध तपासले, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात असला घोळ. आता दोन मार्ग होते. एक्सेल सुधारणं किंवा माणसाचं जनुक सुधारणं. २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं दुसरा पत्करला. २७ जनुकांची नावं बदलली. लाखो वर्षांची उत्क्रांती एका सॉफ्टवेअरपुढे नावनिशी हटली. मायक्रोसॉफ्टनं ही तारीख-हौस बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये, नावं बदलून झाल्यावर. बारसं आटोपल्यावर पाळण्याची दोरी घेऊन आलेल्या आत्यासारखी.

त्याच २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून कोरोनाचे जवळजवळ १६ हजार रुग्ण मोजदादीतून गळाले. कारण जुन्या एक्सेल-फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नव्हती. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना ते वेळेवर कुणी सांगितलंच नाही. यावर टीका भरपूर झाली. एक्सेल सोडावं, असं मनावर घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय.

सोडायचा प्रयत्न केलाय लोकांनी. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये ठरवलं, विंडोज बंद, लिनक्स चालू. बामर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी मोडून महापौरांना भेटायला धावले. उपयोग झाला नाही. दहा वर्षं खपून जवळपास १५ हजार यंत्रं लिनक्सवर आणली. आणि २०१७ मध्ये नव्या कारभाऱ्यांनी ठराव केला, पुन्हा विंडोज. आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आलं होतं. दोन्हींचा संबंध नाही, असं संबंधितांचं म्हणणं. आपण नगरपालिका पाहिलेल्या आहेत, आपण गप्प बसावं.

उलट केरळनं शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणलं ते टिकवून दाखवलं. तिथे पोरंच लिनक्सवर वाढली, शिक्षकांना त्याचंच प्रशिक्षण मिळालं, सवय दुसरी लागली. म्हणजे युक्ती तीच, फक्त माल निराळा. हे एमकेसीएलच्या काळात आपल्यालाही जमलं असतं. सीडॅकचं मुख्यालय तर पुण्यातच आहे आणि त्यांच्याच चेन्नई केंद्रानं 'बॉस' नावाची देशी लिनक्स २००७ मध्ये तयार करून दिली होती. महाराष्ट्रात बॉस म्हटल्यावर कुणीही साहेबाच्या केबिनकडेच बघतो.

पुण्यामुंबईतल्या छापखान्यांना म्युनिकची हकीकत सांगायची गरज नाही. अजूनही कितीतरी ठिकाणी कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचं धूड असतं. त्याला नेट जोडायचं नाही, पेनड्राइव्ह पुसून लावायचा, आणि मागे खुपसलेल्या डोंगलला झाडूवालीनंही हात लावायचा नाही. त्या डोंगलवर जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर चालतं, सोबत पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. दिवाळी अंकांचे पंचवीस वर्षांचे गठ्ठे, लग्नपत्रिकांचे साचे, वार्षिक अहवाल, सगळं त्यात. युनिकोडमध्ये नेलं तर रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात आणि ऑपरेटर म्हणतो, "यापेक्षा नवीन टाइप करतो, दादा." मायक्रोसॉफ्टनं एक्सपीवर २०१४ मध्येच पाणी सोडलं. मायक्रोसॉफ्ट सोडायला तयार, आम्ही नाही. आघाडी म्हणतात ती अशीही असते.

वास्तविक विंडोजमध्ये मराठी अक्षर नीट बसवायचं काम आपल्याच माणसानं केलं. विंडोज २००० पासून आलेला मंगल फाँट र. कृ. जोशींचा. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. आज शासनाचं परिपत्रक ज्या वळणात आपल्याला धमकावतं ते वळण एका कवीचं आहे, हे कळल्यापासून मी परिपत्रकं जरा आदरानं वाचतो.

तर प्रतिस्पर्धी येऊन मायक्रोसॉफ्टला उठवेल, ही आशा सोडा. उलटी शक्यता थोडी खरी आहे. ही कंपनीच एके दिवशी आपल्याला उठवेल. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीनं ते पाहिलं. कंपनी मुंबईची, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, पंप देशभर हजारोंनी. रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी असल्यामुळे युरोपीय संघानं निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं ईमेल, टीम्स सगळं थांबवलं. नायरानं पैसे भरलेले होते, भारतीय कायदा काही मोडलेला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज गेला, काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. मधल्या काळात त्यांनी आधार घेतला तो रेडिफमेलचा, असं बातम्यांत आलं. ज्या रेडिफवर आपण कॉलेजात पहिला ईमेल काढला आणि पासवर्ड विसरलो, ते रेडिफ एका तेल कंपनीच्या उपयोगी पडलं. माझा तरी ऊर भरून आला.

दिल्लीतही तेव्हा कुणाला तरी घाम फुटला असणार. सप्टेंबरात अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर गेल्याचं जाहीर केलं, पुढच्या महिन्यात अमित शहांनीही पत्ता बदलला, केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याची बातमी आली. चांगलंच झालं. तेनकाशीतून सॉफ्टवेअर घडवणाऱ्या झोहोच्या श्रीधर वेंबूंबद्दल मला अजिबात तिरकस लिहायचं नाही. एवढंच म्हणतो की झोहो घेणारा पहिला प्रश्न काय विचारतो? वर्डची फाइल उघडते ना? उघडली तर झोहो चांगलं. जर्मनीचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आपली ३० हजार यंत्रं लिब्रेऑफिसवर न्यायला निघालंय, त्यांचीही परीक्षा घेणारा कागद तोच. पेपर काढणारा परीक्षेला बसत नाही.

राहिलं एआय. इथे मात्र मला पहिल्यांदाच गंमत वाटते आहे. मायक्रोसॉफ्टनं ओपनएआयमध्ये २०१९ पासून पैसा ओतला, ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेनंतर त्यांच्याकडे साधारण २७ टक्के वाटा आला. कोपायलट नावाचा मदतनीस वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, विंडोजमध्ये, शेवटी २०२४ पासून कीबोर्डवर स्वतंत्र बटण घेऊन बसला. ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप होती, "आपण पत्र लिहीत आहात असे दिसते" असं म्हणत मध्येमध्ये यायची. तिचा हा शिकलेला भाचा.

पण कंपनीचा धंदा डोईपट्टीचा आहे. जितकी माणसं खुर्चीवर, तितक्या वर्गण्या. आता भाचा जर खरंच जाहिरातीत दाखवतात तितका कामाचा निघाला, तर दहा कारकुनांचं काम एक कारकून करेल. नऊ खुर्च्या रिकाम्या, नऊ वर्गण्या बंद. आणि तो बिनकामाचा निघाला तर त्याच्यासाठी बांधलेल्या डेटा सेंटरांचं काय करायचं? जगात पहिल्यांदा असा प्रतिस्पर्धी या कंपनीला भेटलाय की जो हरला तरी नुकसान आणि जिंकला तरी नुकसान. आणि तो कंपनीच्याच पगारावर आहे. लिनक्सवाल्यांनी इतकं वाईट चिंतलं नव्हतं.

अर्थात यावरही यांच्याकडे उपाय आहे. २०२५ च्या आरंभी घरगुती ऑफिसच्या वर्गणीत कोपायलट मिसळून दर वाढवले, अमेरिकेत महिना सात डॉलरचे दहा. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबरात कोर्टात जाऊन सांगितलं, की कोपायलट नको असेल तर जुन्या दराची योजना चालू होती, पण २७ लाख ग्राहकांना पाठवलेल्या पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. ती दिसायची कधी, तर ग्राहक वैतागून वर्गणी रद्द करायला निघाला आणि त्यानं रद्दचं बटण दाबलं की. नोव्हेंबरात कंपनीनं माफी मागितली आणि परतावा देऊ केला. तेव्हा घरी ऑफिसची वर्गणी भरत असाल तर आज रात्री ते रद्दचं बटण एकदा दाबून बघा. भारतात काय निघतं ते पुढच्या आठवड्यात कळवा.